बंदरातली आठ मिनिटं

नागिजिमा,
१७ मार्च

कोसाकु भावोजींना,
तोमिएवहिनीचा नमस्कार.

देवळामागच्या चेरीच्या कळ्या फुगल्या आहेत. आठवडाभरात उमलतील. तिकडे मिहाराला ऊन जास्त, तेव्हा तुमच्याकडे दोन दिवस आधीच. तुमचे गुडघे बरे असतील, तुमची लेक सायोको आणि तिची मुलं मजेत असतील, असं धरून चालते.

पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून केली. जिने अकरा वर्षांत नवीन वर्षाचं साधं कार्डही धाडलं नाही, तिने गुडघ्यांची चौकशी करावी, याचं तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. मला दोन गोष्टी लिहायच्या आहेत. एक आभार आणि एक विनंती. नऊ एप्रिलला मला बेटाबाहेर जायचं आहे. त्याआधी हे पत्र तुमच्या हातात पडलं पाहिजे. न वाचता फाडलंत तर तो तुमचा हक्क आहे, पण फाडायच्या आधी निदान तिसरं पान बघा.

आधी बेटाची खबर.

आपण आता एकशे बेचाळीस उरलो आहोत. शाळा बंदच आहे. पण तिच्या वर्गांमध्ये शहरातले कलावंत येऊन काय काय टांगून जातात आणि ते बघायला लोक बोटी भरभरून येतात. गेल्या शरदात तर रविवारी धक्क्यावर इतकी रांग लागली, की आपलीच माणसं मागे राहिली. शिमादाच्या म्हातारीला दवाखान्यातून परतताना पलीकडच्या धक्क्यावर दीड तास उभं राहावं लागलं. मी दुसऱ्याच दिवशी कर्ण्यावरून बोलले. काय बोलले ते तुम्ही ओळखाल. बोट हा आमचा रस्ता आहे, आणि पाहुण्याने यजमानाला त्याच्याच रस्त्यावरून ढकलू नये. तेव्हापासून पुढच्या बारा जागा बेटाच्या. कोरा दोर बांधलेला असतो. पाहुणे गुपचूप मागे बसतात, आणि कुणी म्हातारं माणूस आलं की उठून दोर सोडून देतात. सांगितलं तर लोक ऐकतात, भावोजी. सांगावं लागतं एवढंच.

मी पाहुण्यांच्या विरुद्ध होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. हे लोक आले की बेट म्हणजे काचेच्या पेटीतला मासा होणार, असं मी म्हणत होते. ते थोडं झालंही आहे. मागच्या महिन्यात मी अंगणात बांबूवर ऑक्टोपस सुकत घातले होते. एक जोडपं कुंपणापाशी येऊन उभं राहिलं. बराच वेळ उभं. मग तो मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "ही कलाकृती कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.

"नाव काय दिलंय?"

"रात्रीचं जेवण."

ती दोघं इतकी हसली की त्यांना आत बोलावून चहा द्यावा लागला. त्यातल्या मुलीने जाताना माझ्या सगळ्या भांड्यांवरून फडका फिरवला. नको म्हटलं तरी ऐकेना.

तर खरं ते लिहिते. सकाळची सात दहाची बोट आज चालते ती माझ्या भाषणांनी नव्हे. भाषणांनी ती काही वर्षं तगली, पण आज तिचं इंधन हे लोक भरतात. त्यांच्या तिकिटांवर शिमादाची म्हातारी दवाखान्यात जाते. हे मला कबूल करायला सात वर्षं लागली आणि मी ते भर सभेत कबूल केलं. देगुचीदादा पुढच्या रांगेतून म्हणाले, "कुणीतरी लिहून घ्या रे, परत ऐकायला मिळणार नाही."

हो, देगुचीदादा आहेत. एक्याऐंशी पूर्ण. इंजिन सोडून दहा वर्षं होतील, तरी सकाळी धक्क्यावर येऊन बोटीच्या आवाजावरून सांगतात, आज हिला खोकला आहे. बोट आता नात्सुमी चालवते. तुमच्याच हाताखाली दोर फेकायला शिकलेली ती पोर. चौतीस वर्षांची आहे, फार बोलत नाही आणि धक्क्याला बोट अशी लावते की कपातला चहा हलत नाही. तुमचीच सवय उचलली आहे तिने. बोट सुटायच्या आधी धक्क्याच्या चढावर एकदा नजर टाकते, कुणी धावत येतंय का. ते बघितलं की मी पूर्वी तोंड फिरवत असे.

आता मुद्द्यावर येते. मुद्दा गेल्या शनिवारच्या सभेचा आहे.

पर्यटन कचेरीच्या ओनोबाई आल्या होत्या. बाई चांगल्या आहेत, वाईट हेतू नाही. त्यांनी एक रंगीत पत्रक आणलं होतं. त्यावर आपली बोट, मागे पाण्यावर पांढरं वर्तुळ, आणि मोठ्या अक्षरांत: 'निरोपाचे तीन फेरे, दर रविवारी, चार दहाची बोट.' पाहुणे परत निघाले की बोट बंदरात तीन वेळा गोल फिरेल, लांब भोंगा देईल, आपण धक्क्यावरून हात हलवायचे. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की हा आमच्या बेटाचा जुना रिवाज आहे.

मी उभी राहिले. तुम्हाला माझं उभं राहणं माहीत आहे. खुर्ची मागे सरकते ती भिंतीला लागते.

मी म्हटलं, "ओनोबाई, हा रिवाज जुना आहे हे खरं. पण तो कुणासाठी, हे विचारलंत का? जो परत राहायला येणार नाही, त्याच्यासाठी. शवपेटी निघाली तर तीन फेरे. लग्न होऊन मुलगी दूर निघाली तर तीन फेरे. बदली झालेला मास्तर, घराला कायमचं कुलूप घालणारं कुटुंब, यांच्यासाठी तीन फेरे. का? तर माणसाने आपलं बेट तीन वेळा नजरेत भरून घ्यावं आणि बेटाने त्याला. आणि जो परत येणार आहे, त्याची बोट नाकासमोर सरळ जाते. दवाखान्याला निघालेल्या माणसाची तर जातेच जाते. त्याच्यासाठी फेरा घालणं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगणं, की तू आता येत नाहीस. पाहुण्यांनी परत यावं असं वाटतं ना तुम्हाला? मग त्यांना दर रविवारी हाकलून का देता?"

लोक हसले, टाळ्या पडल्या. तिथेच थांबायला हवं होतं. पण टाळी पडली की माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही.

मी म्हटलं, "हा रिवाज एकदा बाटवला गेला आहे. बाहेरच्यांनी नव्हे. आपल्याच माणसाने, माझ्या घरातल्या माणसाने. माझा नवरा श्वास घेण्यासाठी दवाखान्यात निघाला होता. त्याच्या सख्ख्या भावाने त्याच्या डोळ्यांदेखत तीन फेरे घातले. जिवंत माणसाला त्याने मढं केलं. चौदा मिनिटं वाया घालवली. त्या दिवसापासून मी या फेऱ्यांच्या बाबतीत कुणाचंही ऐकून घेत नाही."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, माझ्या बोलण्याने घातल्या.

देगुचीदादा उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरावी लागते.

"तोमिए," ते म्हणाले, "खाली बस."

"माझं बोलणं संपलेलं नाही."

"तुझं कधी संपतं? खाली बस. मी एक्याऐंशीचा आहे. शब्द दिला होता म्हणून गप्प होतो, पण आता मी मेलो तर हे सांगायला कोण आहे? ते फेरे कोसाकुने घातले नाहीत. तुझ्या नवऱ्याने, इवाओने मागितले."

मी बसले नाही. बसायचं सुचलं नाही.

त्यांनी सगळं सांगितलं, ते तुम्हाला मी काय सांगावं? तुम्ही तिथे होतात. तरी लिहिते, कारण आता ते माझ्याकडे आहे हे तुम्हाला कळलं पाहिजे. डॉक्टरांनी तुम्हा दोघा भावांना आधीच सांगितलं होतं, की खाणीतल्या दगडाच्या धुळीने छाती भरली आहे, आता गेला तो परत यायचा नाही. ह्यांनी सुकाणूच्या खोलीत खुर्ची मागितली. म्हणाले, कोसाकु, माझे फेरे राहू देऊ नकोस. पेटीत पडल्यावर मला काय दिसणार? आता दिसतंय तोवर फिरव. पहिल्या फेऱ्यात संत्र्यांचा उतार बघितला. दुसऱ्यात खाण बघितली आणि म्हणाले, बघ, अर्धा डोंगर मी शहरात पोचवला. तिसऱ्यात धक्का.

आणि मग तुम्ही इंजिनाच्या खोलीत फोन केलात.

"देगुचीदादा, इंजिन बंद करा."

"काय झालं?"

"काही झालं नाही. दादाला वहिनीचं भाषण ऐकायचंय."

सभागृहातल्या सभा कर्ण्यावरून साऱ्या बेटाला ऐकू जातात, हे मला ठाऊक नव्हतं का? मीच तर हट्ट करून ती सोय करून घेतली होती. पण आवाज पाण्यावर किती लांब जातो, याचा विचार मी कधी केला नव्हता. देगुचीदादा वर आले तेव्हा म्हणे बंदर नुसतं आरशासारखं होतं. बोट लाटेशिवाय उभी. प्रवासी कुणी बोलेना. आणि टेकडीवरच्या सभागृहातून, त्या दुपारच्या सभेत, मी ओरडत होते, "रस्त्याला कुणी विचारत नाही तू नफ्यात आहेस की तोट्यात. मग बोटीला का विचारता?"

ह्यांनी डोळे मिटले होते. म्हणाले, "सुरुवात बरी केली. आता लांबवणार."

तुम्ही दोघं हसलात. थोड्या वेळाने म्हणाले, "चल आता. ही काही थांबत नाही." आणि मग तुमच्याकडून आणि देगुचीदादांकडून शब्द घेतला. "तिला सांगू नका. मी जात असताना ती बोलत होती असं तिला कळलं, तर ती पुन्हा तोंड उघडायची नाही. आणि तिने तोंड उघडलं नाही तर या बेटाची बोट जाईल."

भावोजी, तीन फेऱ्यांना सहा मिनिटं लागतात. हे या बेटावर पोराला विचारलं तरी सांगेल. बोट चौदा मिनिटं उशिरा बाहेर पडली, हे मी अकरा वर्षं सगळ्यांना ऐकवत होते. उरलेली आठ मिनिटं कुठे गेली, हे मी एकदाही विचारलं नाही.

ती आठ मिनिटं तुम्ही मला दिलीत. ह्यांच्या कानात शेवटी माझा आवाज होता, तो तुमच्यामुळे. मी आयुष्यभर लोकांना शब्द देत आले, पण आज ज्याचे आभार मानायचे त्याच्यासाठी माझ्याकडे एक धड वाक्य नाही. म्हणून नुसतं लिहिते. आभारी आहे. फार आभारी आहे.

सभेचं काय झालं ते राहिलं. कुणी मतदान घेतलं नाही. नात्सुमी मागे दाराशी उभी होती, ती एवढंच म्हणाली, "मी फिरवणार नाही." ओनोबाईंनी पत्रकं गोळा करून पिशवीत घातली. मग माझ्याजवळ येऊन वाकून म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, "मलाही."

पाहुण्यांसाठी आता नुसता लांब भोंगा आणि हात हलवणं. सरळ जाणारी बोट. ते पुरे.

विनंती शेवटी लिहायची होती. हात दुखतो आहे. उद्याच्या सात दहाच्या टपालात हे घालायचं आहे. विनंती अशी, की नऊ एप्रिलला जमल्यास मिहाराच्या धक्क्यावर या. साडेसातपर्यंत बोट लागते. कामासाठी येणार आहे. काम विशेष नाही.

तुमची वहिनी,
तोमिए


१८ मार्च

पत्र गेलं नाही. सकाळपासून धुकं आहे. तुम्ही म्हणायचात ना, हे मार्चचं धुकं म्हणजे नको असलेला पाहुणा, चपला काढून बसतो. सात दहा रद्द, नऊ चाळीस रद्द. नात्सुमी धक्क्यावर बोटीत बसून दर थोड्या वेळाने भोंगा देते आहे, बाहेरच्या मासेमारांना बंदर कुठे आहे ते कळावं म्हणून. मी टपालपेटीपर्यंत जाऊन पाकीट परत आणलं. किटलीच्या वाफेवर धरून उघडलं, आणि कालचं वाचलं.

पत्र चांगलं आहे. भाषणासारखं आहे. म्हणूनच पाठवायला लाज वाटते.

मी त्यात लिहिलं की मला माहीत नव्हतं. हे अर्धंच खरं आहे.

त्या दिवशी काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. दवाखान्यात जागा झाली असा सकाळी फोन आला. आजच आणा म्हणाले. आणि बोटकंपनीची माणसं सकाळची बोट बंद करण्याचं बोलायला त्याच दिवशी, त्याच दुपारी येणार होती. मी ह्यांच्या पिशवीत कपडे भरत होते. म्हटलं, मी येते तुमच्याबरोबर, सभा गेली खड्ड्यात. ते म्हणाले, "आणि बोट बंद झाली तर मी परत कशाने येऊ? पोहत?" मी हसले. इतकी हसले, की मला त्या वाक्याखाली लपता आलं. सभा दीडला, बोट एक वीसला. म्हटलं, बोलून चार दहाच्या बोटीने येतेच.

मला बोलायचं होतं, भावोजी. हे लिहायला अकरा वर्षं आणि एक धुकं लागलं. मी बेटासाठी थांबले असं सगळे म्हणतात. थांबले बेटासाठीच. पण सभागृह भरलेलं असतं, सगळे माझ्याकडे बघत असतात, आणि माझ्या पोटात जे पेटतं, त्यासाठीही थांबले. दोन्ही एकाच बाईची कारणं आहेत. मला ती वेगळी करता येत नाहीत.

बोट सुटली. मी धक्क्यावर हात हलवत उभी होते. बंधाऱ्याकडे वळायच्या ऐवजी बोटीने डावं वळण घेतलं. पाणी पांढरं झालं. या बेटावर जन्मलेल्या बाईला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. धक्क्यावरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. शिमादाबाईने माझी बाही धरली. म्हणाली, "तोमिए, हाक मार. कोसाकु बोट परत लावील. तू जा त्यांच्याबरोबर."

मी बाही सोडवली. "कोसाकुचं डोकं फिरलंय," म्हटलं. दुसरा फेरा सुरू झाला तेव्हा मी पाठ वळवून टेकडी चढत होते.

म्हणजे तिसऱ्या फेऱ्यात ह्यांनी धक्का बघितला तेव्हा तिथे मी नव्हते. देगुचीदादांनी सभेत हे सांगितलं नाही. त्यांना माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही इंजिन का बंद केलंत, ते मला आज पहाटे कळलं. ह्यांनी विचारलं असेल, "ती कुठे गेली?" आणि धक्क्यावर मी दिसत नव्हते, म्हणून तुम्ही त्यांना मी ऐकवली.

संध्याकाळी मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांच्या तोंडात नळी होती. चार दिवस मी बोलत राहिले. ते बोलले नाहीत.

मग मी तुमच्याविरुद्ध तक्रार लिहिली. महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून, शिक्का मारून. अत्यवस्थ रुग्ण बोटीवर असताना कप्तानाने अंधश्रद्धेपायी चौदा मिनिटं बंदरात काढली. वाक्य चांगलं होतं. माझी सगळीच वाक्यं चांगली असतात. तुमचे फेरे खोटे ठरले, की माझं धक्क्यावर राहणं खरं ठरत होतं. फेरा म्हणजे मूर्खाची चूक असेल, तर मी काही ओळखलंच नव्हतं, आणि ओळखलं नव्हतं तर सोडलंही नव्हतं. एवढंच गणित होतं. त्यासाठी मी तुमची बोट घेतली.

कंपनीने तुम्हाला तिकिटाच्या खिडकीत बसवलं. तीस वर्षं सुकाणू धरलेल्या माणसाला. तुम्ही एका शब्दाने सुटला असतात. दादाने मागितले, एवढं म्हणायचं होतं. तुम्ही कंपनीलाही सांगितलं नाहीत, मलाही नाही.

आणि शेवटचं. तुम्ही घराला कुलूप घालून निघालात तो दिवस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. तुमचं कपाट बोटीवर चढवलं, सायोकोने पाखरांचा पिंजरा धरला होता. सुकाणूवर शहरातून आलेला बदली कप्तान होता. त्याला आपला रिवाज माहीत नव्हता, आणि धक्क्यावर त्याला सांगायला कुणी धजलं नाही, कारण सगळे माझ्या खिडकीकडे बघत होते. कर्ण्याची किल्ली माझ्याकडे होती. एक वाक्य पुरलं असतं. नवीन कप्तान, हे माणूस कायमचं चाललंय, तीन फेरे घाला. या बेटावर ज्याने सगळ्यांचे फेरे घातले, त्याची बोट सरळ गेली. ज्या बाईला कधी गप्प बसता आलं नाही, ती त्या दिवशी गप्प बसली.

आता नऊ एप्रिलचं काम. माझ्या हृदयाची एक झडप झिजली आहे. डॉक्टर म्हणतात, बदलता येते. वयाच्या त्र्याहत्तरीला थोडा धोका आहे, थोडा म्हणजे किती ते डॉक्टरांनी सांगितलं आणि मी मुद्दाम ऐकलं नाही. दहा तारखेला शस्त्रक्रिया. मी घाबरले आहे. हे वाक्य मी आजवर कुठल्याही सभेत उच्चारलेलं नाही.

इथे सगळे फार करतात. शिमादाबाई मांजरांना बघणार आहे. ओनोबाईंनी दवाखान्याजवळ खोली शोधून दिली. ऑक्टोपसवाल्या त्या जोडप्याने कुठून ऐकलं कोण जाणे, देवळातला ताईत पाठवला आहे, सोबत ऑक्टोपसचं चित्र. खाली लिहिलंय, 'कलाकाराला.' एवढी माणसं माझी कधी झाली, मला कळलं नाही. मी त्यांच्याशी आयुष्यभर भांडतच होते.

मी कालच नात्सुमीकडे गेले. म्हटलं, "नऊ तारखेला मला न्यायचंय. सरळ. एकही फेरा नको."

ती दोर गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "दवाखान्याची बोट सरळच जाते. तुम्हीच तर शिकवलंत."

"आणि कुणी हात हलवला तर?"

"त्यांना कामाला जायला सांगेन."

मग दोर खुंटीला अडकवून म्हणाली, "कोसाकुकाका येतील का?"

तेच विचारायला हे पत्र आहे. धुकं विरळ होतं आहे, देवळाच्या टेकडीचं टोक दिसायला लागलं. चार दहाची सुटेल, तेव्हा आता घाईने लिहिते, आणि घाईतलंच खरं समजा.

क्षमा मागण्याची माझी लायकी नाही, म्हणून मागत नाही. नऊ तारखेला मिहाराच्या धक्क्यावर या, एवढंच मागते. तुमच्यापुढे मला एकदा गप्प उभं राहायचं आहे. आणि मी बरी झाले, तर परतीच्या बोटीत माझ्याबरोबर बसा. तुमच्या घराचं कुलूप गंजलं आहे, पण छप्पर शाबूत आहे. मी दर पावसाळ्यानंतर कौलं बघून घेत होते. का, ते विचारू नका. संत्र्यांचा उतारही छाटलेला आहे.

ज्या दिवशी मी तुमचं सगळ्यात वाईट केलं, त्याच दिवशी माझ्याकडून एक गोष्ट नकळत बरी झाली, असं आज मला वाटतं. आपला रिवाज तुम्हाला माहीत आहे. बोट सरळ जाते ती कुणाची?

भावोजी, तुमचे फेरे अजून झालेले नाहीत.

तुमची, परत येणार असलेली वहिनी,
तोमिए